काशिनाथ मिस्त्रींची वेल्डिंगची गाडी

अहो,

तुमच्या जलदानविधीला सात माणसं बोलली. मी मोजली. बौद्धाचार्यांनी विधी पार पाडला, सगळ्यांनी तुमच्या फोटोला फुलं वाहिली आणि मग रीतीप्रमाणे एकेक जण दोन शब्द बोलायला उठला. दोन शब्द म्हणून उठलेला एकही माणूस दहा मिनिटांच्या आत खाली बसला नाही. तुम्हाला फार आवडलं असतं. तुम्ही मान खाली घालून, काही ऐकूच येत नाही असा चेहरा करून बसला असतात आणि घरी आल्यावर मला विचारलं असतंत, "तो काय बोलला गं? परत सांग जरा."

सातही जण तुमच्या हाताबद्दल बोलले. शब्बीरभाई तर बोलता बोलता थांबले आणि रुमाल काढून डोळे पुसायला लागले. त्यांच्या कापडाच्या लूमच्या शेडचं काम आपल्याकडे किती वर्षं येतंय ते तुम्हाला सांगायला नको. ते म्हणाले, "मी माझ्या कारागिरांना मिस्त्रीचा जोड बोट लावून दाखवतो. पाच-सहा साल झाली, बाजूचं लोखंड तुटलं पण जोड न्हाय तुटला. ऐसा हाथ अब भिवंडी में किधर मिलेगा?" लोकांनी माना डोलावल्या. आपली लेक मंदा कल्याणहून आली होती, तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच पायाकडे बघायला लागली. तिला सगळं ठाऊक होतं.

मग प्रकाशभाऊजी माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही पन बोला दोन शब्द. तुमच्याएवढं दादाला कोन वळखतं?" मी उभी राहिले, पदर सारखा केला आणि "मला काही सुचत नाही" म्हणून खाली बसले. बायका म्हणाल्या, बिचारीचा कंठ दाटला. कंठ दाटला होता हे खरंच आहे. सुचत नव्हतं हे मात्र साफ खोटं. मला एकच वाक्य सुचत होतं आणि ते तोंडातून बाहेर पडू नये म्हणून मी दात आवळून बसले होते. "सहा वर्षांत यांनी एकही जोड मारलेला नाही. शब्बीरभाई, जे तुम्ही बोट लावून दाखवता ते सगळे माझे आहेत."

असं वाक्य नवऱ्याच्या फोटोसमोर, हार अजून ताजा असताना, कोण बाई बोलेल? पण पोटात ठेवूनही चालणार नाही. भाऊजी म्हणतात, आता वेल्डिंगचं मशीन कशाला ठेवता, दादा गेला, काम संपलं. त्यांनी मानकोलीचं एक गिऱ्हाईक बघूनसुद्धा ठेवलंय. त्यांचं चुकत नाही, त्यांना वाटतं वेल्डिंग तुम्ही करत होतात. मी गप्प बसले तर मशीन जातं, पडवी रिकामी होते आणि मी दुपारभर भिंतीकडे बघत बसते. मी बोलले तर तुमचं नाव जातं. त्या सात जणांनी जे उभं केलं ते मी एका वाक्यात पाडायचं. तुम्ही बुधवारी दुपारी जेवून जरा पडतो म्हणालात आणि उठलाच नाहीत. मी चारला चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही कुशीवर होतात. अशा वेळी माणसानं काय करावं ते सांगायला तुम्हाला वेळ मिळाला नाही, आणि मिळाला असता तरी तुम्ही "पुढच्या शुक्रवारी बघू" एवढंच म्हणाला असतात.

शुक्रवार म्हणजे आपला सोन्याचा दिवस. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद, म्हणून गुरुवारी संध्याकाळपासून शेडवाले मोडकं सामान घेऊन रिक्षानं आपल्याकडे अंजूरला यायचे. शनिवारी सकाळी लूम चालू व्हायच्या आत काम हातात पाहिजे. आणि शुक्रवारीच विजेला जोर असायचा. इतर दिवशी लूम धडधडत असायचे तेव्हा आपल्याकडे दिवासुद्धा पिवळा पडायचा, रॉड नुसता चिकटायचा. तुम्ही म्हणायचात, "शुक्रवारी वीज आपल्यासाठी येते." मी लग्न होऊन आले तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं.

तेव्हा मशीन पडवीत लाकडी फळ्यांवर बसलेलं असायचं. आत तेल भरलेलं जुनं मशीन, दोन गडी लागायचे हलवायला. ते ठेवायची पहिली गाडी तुम्ही शब्बीरभाईंच्या शेडमधल्या मोडक्या ट्रॉलीची केलीत, जिच्यावरून सुताचे मोठे रूळ नेतात ती. चार बारकी लोखंडी चाकं. पडवीच्या फरशीवर ती ओढली की असा खडखडाट व्हायचा की आई आतून ओरडायच्या, "काशिनाथ, घर पाडतंस का काय रे!" पण तुम्ही त्या गाडीवर खूश होतात. येईल त्याला दाखवायचात. मी तेव्हा फक्त अर्थिंगचा चिमटा धरायची आणि जोड थंड झाला की छोट्या हातोडीनं वरची खपली उडवायची.

तुमचा हात पहिल्यांदा हलला तो मला बशीच्या आवाजावरून कळला. चहाचा कप बशीत किणकिणत होता. मला वाटलं दमलात. मग एका शुक्रवारी रॉड चारदा चिकटला, पाचव्यांदा तुम्ही रॉडचा होल्डर आपटलात आणि विजेला शिव्या दिल्यात. विजेचा काही दोष नव्हता, मला दिसत होतं. डॉक्टरांनी नसांचं दुखणं सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे हळूहळू वाढणार असंही सांगितलं. अंजूर आल्यावर रिक्षातून उतरायच्या आधी म्हणालात, "शालू, हे कोनाला बोलायचं न्हाय." मी म्हटलं, नाही बोलणार. एक मंदा सोडली तर सहा वर्षं पाळलं की नाही सांगा.

मानकोलीच्या एका माणसाच्या फाटकाची बिजागरी जोडायची होती. तुम्ही मला मागच्या खोलीत बसवलंत, तुमचा जुना फुल शर्ट माझ्या साडीवर चढवलात, तोंडापुढे धरायची काळी काच हातात दिलीत आणि माझं मनगट धरलंत. मी रॉड टेकवला आणि दोघांचे हात मिळून थरथरायला लागले. मी फटकन बोलले, "सोडा हो, तुमच्यामुळे माझाही हात हलतोय." तुम्ही सोडलात. लगेच सोडलात. माझं तोंड असं आहे हे तुम्हाला लग्नापासून माहीत होतं, पण त्या दिवशी मी ते आवरायला हवं होतं. मला आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पहिल्या आठवड्यात मी काच वेळेवर तोंडापुढे धरायला चुकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर गेले तर डोळे लालबुंद, पाण्याच्या धारा लागलेल्या. बायकांनी बघितलं आणि ताबडतोब निकाल लावून टाकला की काशिनाथनं बायकोला मारलं. दुपारपर्यंत गावभर झालं. आई तुमच्यावर ओरडल्या, "काय रे, बायकोवर हात टाकतंस? लाज हाय का न्हाय?" तुम्ही काय केलंत? खाली मान घातलीत. "चुकलं" म्हणालात! माझ्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवलेल्या, मी त्याखालून ऐकतेय, आणि माझा नवरा न केलेल्या मारहाणीची माफी मागतोय. आयुष्यात तुम्ही माझ्यावर हात उगारला नाहीत. बायकोला मारणारा म्हणून घ्यायची तुमची तयारी होती, पण बायको वेल्डिंग करते म्हणून सांगायची नव्हती. तेव्हा मी हसले होते. आता ते आठवून हसू येतं, मग राग येतो, मग तुमची ती खाली घातलेली मान दिसते आणि मी रडायला लागते. असं दिवसातून दोन-तीनदा होतंय सध्या.

मी म्हटलं होतं, मशीन कायमचं आतच ठेवू. तुम्ही ऐकलं नाहीत. "पडवीत मशीन दिसलं न्हाय तर लोक बोलतील, मिस्त्रीचं दुकान बसलं." म्हणजे सकाळी मशीन बाहेर, तुम्ही त्याच्या शेजारी उभे. गिऱ्हाईक काम टाकून गेलं की मशीन आत, मी त्याच्या शेजारी. संध्याकाळी परत बाहेर. आणि मधे उंबरठा, चांगला पाच इंच. तो कापायची गोष्ट तुम्ही एकदाच काढलीत. आई म्हणाल्या, "देव सोडलं तवा सोडलं. उंबरठा मी सोडलेला न्हाय. माझ्या मागारी काय तो काप." त्या असेतो तो कापायचा प्रश्नच नव्हता, आणि पुढे त्या गेल्यावरही तुम्हाला धीर झाला नाही. म्हणून गाडी बदलायची ठरली.

ते पंधरा दिवस आपल्या संसारातले सगळ्यात चांगले दिवस होते असं मी म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. कॅलेंडरच्या पाठीमागे तुम्ही नकाशा काढला होतात. तुमच्या रेघा थरथरत्या आल्या की मी पट्टी धरायची. मागे स्कूटरची दोन मोठी चाकं, म्हणजे उंबरठा चढताना गाडी आपल्या अंगावर कलती केली की ती आपसूक वर येईल. पुढे जुनीच लोखंडी चाकं. मूठ लांब नळीची. "मूठ माझ्या कमरेच्या हिशोबानं करा," मी म्हटलं, "ओढणार मी आहे." तुम्ही मला भिंतीला टेकवून उभं केलंत आणि खडूनं खूण केलीत. चौदा वर्षांच्या पोरीसारखं मला लाजल्यासारखं झालं होतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आणि मग ती गाडी दारातून गेलीच नाही! दार अठ्ठावीस इंच, गाडी तीस. लूमचं माप नुसतं बघून सांगणारा माणूस, त्यानं गाडीचा सांगाडा मापला आणि चाकं सांगाड्याच्या बाहेर बसवली. मी पडवीत बसून पोट धरून हसत होते. तुम्ही म्हणालात, "दार आतल्या अंगानं फुगलंय, गाडीचं माप बरोबर हाय." वर म्हणालात, "आईला बोलू नको." परत आस कापला, चाकं सांगाड्याखाली घेतली, तर गाडी उंच झाली आणि मशीन डुलायला लागलं. मग तुम्ही मशीन बसायची जागाच चाकांच्या मधे खाली लोंबती केलीत. मशीन खाली आलं आणि गाडी शहाणी झाली. एका बाजूला रॉडचा डबा, दुसऱ्या बाजूला केबल गुंडाळायला दोन आकडे. ही सगळी वेल्डिंग मी मारली. तुम्ही तुकडे मांडून द्यायचात, मी जोडायची.

मूठ मात्र तुम्ही मला लावू दिली नाहीत. "माझ्या गाडीला एक तरी जोड माझा पाहिजे." मी काय बोलणार? तुम्ही स्टुलावर बसलात, डाव्या हातानं उजवं मनगट धरलंत. मी शेजारी अर्थिंगचा चिमटा धरून बसले, पहिल्यासारखी. किती वेळ लागला मला माहीत नाही. रॉड चिकटायचा, तुम्ही तोडायचात, परत टेकवायचात. घाम हनुवटीवरून लोखंडावर पडत होता. झाल्यावर तुम्ही स्वतःच खपली काढलीत. गोळेच्या गोळे, मधे भोकं. तुम्ही त्याच संध्याकाळी त्यावर काळा रंग मारलात, एक हात, मग दुसरा हात. मी म्हटलं, छान झालंय. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत.

आता जे लिहिते ते मी मंदालासुद्धा सांगितलेलं नाही. पुढच्या शुक्रवारी तुम्ही रॉड आणायला भिवंडीला गेलात. मी दार लावलं आणि ग्राइंडरनं तुमचा जोड उडवला. पूर्ण. खाली स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत. मग माझा जोड मारला, सरळ, एकसारखा, आणि वर तोच काळा रंग लावला. मी स्वतःला सांगितलं की मूठ निसटली असती, एवढ्या वजनाचं मशीन पायावर आलं असतं, उंबरठ्यावर कुणाचा तरी पाय मोडला असता. हे खरं होतं. पण ते पूर्ण खरं नव्हतं. मला तो जोड बघवत नव्हता. माझ्या चांगल्या कामामधे तो एक घाणेरडा जोड मला खुपत होता, अहो. एवढी वर्षं ज्यांच्या हाताचं नाव होतं त्यांचा तो शेवटचा जोड, आणि मी तो सफाईसाठी उडवला.

तुम्ही आलात, पिशवी ठेवलीत, सवयीनं मुठीवर हात ठेवलात. अंगठा जोडावरून फिरवलात. मग बोटाकडे बघितलंत.

"रंग ओला हाय," म्हणालात.

मी चहा टाकायला आत पळाले. त्यानंतर तुम्ही होल्डर कधी हातात घेतला नाहीत. एकदाही नाही. मी रोज ठरवायची की आज विचारेन, रागावलात का. सहा वर्षांत तो आज उगवला नाही. तुम्हीही कधी विषय काढला नाहीत. त्या दिवशी तुम्ही एक थोबाडीत दिली असतीत तर बरं झालं असतं, निदान नळावरच्या बायका तरी खऱ्या ठरल्या असत्या.

उलट महिन्याभरानं तुम्ही पुढच्या लोखंडी चाकांवर रबर चढवलंत. जुन्या टायरच्या पट्ट्या कापून, तार आवळून, दोन दिवस खपून. मला वाटलं माझे हात झिणझिणतात म्हणून केलंत. मी मंदाला फोनवर सांगितलंसुद्धा, तुझ्या बाबांना माझी किती काळजी. मग एका गुरुवारी शब्बीरभाई पडवीत चहा पीत बसलेले आणि तुम्ही आत येऊन मला हळूच म्हणालात, "आता ओढ, आवाज येत न्हाय." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रबर माझ्या हातांसाठी नव्हतं. मशीन कुणीकडे चाललंय ते बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून होतं.

त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले ते सगळं खरं होतं आणि तरी बोलायला नको होतं. "मला झाकून ठेवायला तुम्ही दोन दिवस खपलात," मी म्हटलं. "बाई म्हणून लाज वाटते का माझी?"

तुम्ही म्हणालात, "तुझी न्हाय गं. तुझी कशाला वाटेल?"

"मग?"

तुम्ही तुमचा हात पुढे केलात आणि नुसता माझ्यासमोर धरलात. तो हलत होता. मी दुसरीकडे बघितलं. मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही तेव्हा. म्हणून दर काही महिन्यांनी मी परत तेच भांडण काढायची. या शुक्रवारी मशीन आत नेणार नाही, पडवीतच बसणार, सगळ्यांसमोर. आणि तुमचं ठरलेलं, "पुढच्या शुक्रवारी बघू." तुम्ही गेलात त्याच्या आदल्या रविवारीही हेच झालं. मी म्हटलं, तुमचे शुक्रवार संपणार कधी? असं बोलायला नको होतं.

काल शुक्रवार होता. भाऊजींनी मशीनच्या गिऱ्हाइकाला संध्याकाळी बोलावलं होतं. त्याआधीच, दुपारची नमाज आटपून, शब्बीरभाई आले. तुम्ही गेलात तेव्हा त्यांच्या लूमचा एक लोखंडी दांडा अर्धा राहिला होता. एका बाजूनं जोड झालेला, दुसरी बाजू बाकी. ते दांडा न्यायला आले होते. मी आणून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत असा धरला की मला बघवेना.

"भाभी, ये मिस्त्री का आखरी काम," ते म्हणाले. "उरलेलं मी दुसऱ्याकडून नाही करून घेणार. असाच शेडमधे ठेवतो. उसका हाथ है इसमें."

तो जोड मी मारलेला होता, बुधवारी सकाळी, विजेला जरा जोर होता तेवढ्यात, तुम्ही जेवायच्या आधी. मी बघत राहिले. एका माणसाची एवढी माया, आणि ती माझ्याच हातावरून जात होती, मला न शिवता. हो म्हणणं सोपं होतं. ते दांडा घेऊन गेले असते, तुम्ही शेडच्या भिंतीवर राहिला असतात आणि संध्याकाळी मशीन मानकोलीला गेलं असतं.

"जरा बसा, शब्बीरभाई," मी म्हटलं.

आत जाऊन तुमचा शर्ट साडीवर चढवला. गाडी कलती केली, उंबरठ्यावरून काढली आणि पडवीत आणून उभी केली. ते स्टुलावरून उठले, त्यांना वाटलं मी मशीन विकायला काढतेय. मी दांडा त्यांच्या हातातून घेतला, टेबलावर ठेवला, अर्थिंगचा चिमटा लावला. "तिकडे बघा," मी म्हटलं, "डोळ्यांना लागेल." त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं आणि मी उरलेली बाजू पुरी केली. हात जरासुद्धा हलला नाही. खपली काढली, ब्रशनं साफ केलं आणि त्यांना म्हटलं, आता बघा.

त्यांनी एक बाजू बघितली, दांडा फिरवून दुसरी बघितली, परत पहिली बघितली. फरक काही सापडत नव्हता. मग ते खाली बसले.

"कब से, भाभी?"

"सहा वर्षं झाली. त्यांचा हात हलायचा."

रस्त्यानं दोन ट्रक गेले. जलदानाला आपण काय काय बोललो ते त्यांना आठवत असावं, कारण त्यांनी रुमाल काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला. मग अगदी साधेपणानं, मला दुखवायचं मनात नसताना, त्यांनी विचारलं, "फिर मिस्त्री क्या करता था?"

मी मनातल्या मनात मोजायला लागले. गिऱ्हाइकांशी बोलायचे? माप घ्यायचे? तुकडे मांडून द्यायचे? एवढ्यात शब्बीरभाईंनी सवयीप्रमाणे दांडा डोळ्यासमोर आडवा धरून एका टोकाकडून बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"भाभी, ये तो टेढा हो गया."

मी बघितलं. खरंच वाकला होता. फार नाही, पण लूमला चालणार नाही एवढा. जोड पक्का, माझा चांगल्यातला चांगला, आणि दांडा फुकट.

सहा वर्षांत माझा एक दांडा वाकला नव्हता, अहो. मला वाटायचं मी चांगली कारागीर आहे म्हणून वाकत नाही. जोड थंड होताना लोखंडाला आपल्याकडे ओढून घेतो, हे मला माहीत होतं, पण ते माझ्या कामात कधी झालंच नव्हतं. आणि मग मला तुम्ही दिसलात. प्रत्येक कामाच्या आधी टेबलावर वाकलेले, थरथरत्या बोटांनी तुकड्याखाली लाकडाची पाचर सरकवताय, दोरी धरून बघताय, पाचर काढताय, परत सरकवताय. तुम्ही तुकडा सरळ मांडतच नव्हतात. जेवढा तो ओढला जाणार तेवढा आधीच उलट्या बाजूला वाकडा मांडायचात, म्हणजे थंड झाल्यावर तो सरळ यायचा. आणि मी काच हातात घेऊन मागे उभी राहून म्हणायची, "झालं का हो तुमचं? किती वेळ लावता? हात हलतोय तर कशाला उगाच चाळे?" मला ते एका म्हातारा होत चाललेल्या माणसाचं स्वतःची समजूत घालणं वाटायचं. तुम्ही एकदाही उलट बोलला नाहीत. बाजूला व्हायचात आणि म्हणायचात, "मार आता."

मी शब्बीरभाईंना एवढंच म्हटलं, "हे करायचे ते. दांडा सरळ यायचा तो त्यांच्यामुळे." आणि तिथेच, पडवीत, रस्त्यावरून लोक जात असताना, मला रडू कोसळलं. जलदानाला आलं नव्हतं तसं.

शब्बीरभाई दांडा टेबलावर ठेवून उठले. जाताना म्हणाले, "पुढच्या जुम्म्याला दुसरा देतो, भाभी. तो बिघडला तर तिसरा. सीधा होईपर्यंत करा." संध्याकाळी भाऊजी गिऱ्हाइकाला घेऊन आले तर मी शर्ट घालूनच बसले होते, मशीन पडवीत. भाऊजींनी शर्टाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं.

आज सकाळपासून मी टेबलाशी बसले आहे. भंगारातले दोन तुकडे घेतलेत, तुमच्या पाचरी शोधून काढल्यात, सगळ्या वेगवेगळ्या जाडीच्या, एकीवरही काही लिहिलेलं नाही. पहिला तुकडा पट्टीवर मोजून एक सूत वाकडा धरला तर या बाजूला गेला. दुसरा दोन सूत धरला तर त्या बाजूला. पडवीत कोण बसायचं यावर आपण सहा वर्षं भांडलो, आणि हे तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. आता विचारते. तिसरा तुकडा मांडून ठेवलाय, काच हातात आहे.

सांगा ना. किती धरू?